धनको सभासद थकबाकीदार कसा?

२०२५च्या मार्चमध्ये लाखांदूर तालुक्यातल्या एका सेवा सहकारी संस्थेत बसलो होतो. एक सभासद धानाची काटापावती घेऊन आले. चाळीस क्विंटल, आधारभूत दर २,३०० रुपये. म्हणजे ९२,००० रुपये येणे. अंगावर पीककर्ज ७०,०००. घड्या घालून घालून पावती मधोमध फाटत आली होती. "भाऊ, हे पैसे आले का त्याच दिवशी भरतो," ते गटसचिवांना म्हणाले. गटसचिवांनी पावती पाहिली, परत दिली आणि वसुली यादीतली बाकी तशीच ठेवली. त्यांच्या हाती दुसरे काही नाही. मुदत उलटली की शून्य टक्के व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या खरिपाचे कर्ज अडते.

हा सभासद खरे तर धनको आहे. धान गोदामात गेला त्या दिवसापासून शासन त्याचे देणे लागते. शासनावरच्या या कर्जाला रोखा नाही, व्याज नाही, फेडीची तारीख नाही. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात राज्यावरील कर्जाचा अंदाज ९ लाख कोटींच्या पुढे गेला. त्यात हे थकलेले चुकारे धरलेले नसतात, कारण शासनाचा जमाखर्च रोखीवर चालतो. पैसे निघतील तेव्हा खर्च पडतो.

राज्याला नोटा छापता येत नाहीत. केंद्राचे कर्ज बाकी असेपर्यंत संविधानाच्या कलम २९३नुसार केंद्राच्या संमतीवाचून नवे कर्जही काढता येत नाही. मग हात आखडला की देणी लांबतात. युरो वापरणाऱ्या ग्रीसमध्ये हेच घडले. औषध पुरवणाऱ्यांची बिले आधी थकली. २०१५च्या जूनअखेर बँकाच बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळू लागले. चलन सामाईक असले की शेवटचा आधार मध्यवर्ती बँकेचा, आणि तिचे दार सगळ्यांना सारखे उघडत नाही. नोटाबंदीत जिल्हा सहकारी बँकांनी हे १४ नोव्हेंबर २०१६ रोजी पाहिले. राष्ट्रीयीकृत बँका जुन्या नोटा घेत होत्या, जिल्हा बँकांना मात्र मनाई झाली. तीही ऐन धान निघण्याच्या दिवसांत.

बँकिंग सुधारणांना आमचा विरोध नाही. नवं-जुनं करून, म्हणजे नव्या कर्जातून जुने फिटल्याचे दाखवून, थकबाकी झाकण्याने अनेक संस्था आतून पोखरल्या. १ एप्रिल २०२१पासून जिल्हा बँकांवर रिझर्व्ह बँकेचा अंकुश वाढला, ते ठेवीदारांच्या हिताचेच झाले. पण कर्जदाराची तारीख एका दिवसाने चुकलेली दिसते आणि शासनाची महिनोन्‌महिने चुकलेली कुठल्याच वहीत दिसत नाही, हे आम्हाला मान्य नाही.

गटसचिवांना आमची विनंती आहे: वसुली रजिस्टरात तीन रकाने वाढवा. धान दिल्याची तारीख, येणे रक्कम, खात्यात जमा झाल्याची तारीख. जिल्हा बँकेने त्याची तालुकावार बेरीज नाबार्ड आणि सहकार आयुक्तांकडे पाठवावी, आणि येणे रकमेपुरती काटापावतीची तारीख हीच कर्जफेडीची तारीख धरावी, अशी मागणी त्या आकड्यांसह करावी. रकाने आखायला कोणाची परवानगी लागत नाही. खरिपाचे वाटप सुरू होण्याआधी ते आखून व्हावेत.