अनेक टाक्या, एक फिल्टर

घरांत शोभेचे मासे पाळण्याची हौस वाढली कीं एका काचेच्या टाकीनें भागत नाहीं. दुसरी येते, तिसरी येते. मग प्रत्येकीस निराळा फिल्टर घेण्यापेक्षां सर्वांस मिळून एकच मोठा फिल्टर बसवावा, असा विचार साहजिकच सुचतो. हा विचार सर्वस्वीं चुकीचा नाहीं. तथापि तो डोळे मिटून स्वीकारावा, असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रथम त्याचे गुण पाहूं. फिल्टरचें काम केवळ कचरा अडविणें हें नव्हे. माशांमुळें पाण्यांत अमोनिया हें विष सांचतें. फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर पुष्कळच सौम्य असें नायट्रेट करितात. सर्व टाक्यांचें पाणी खालच्या एका टाकींत उतरवून, तेथें गाळून, पंपानें परत वर चढविलें, तर एकूण पाणी वाढून उष्णमान अधिक स्थिर राहतें व नव्या टाकीसही तयार जंतूंचा लाभ होतो.

परंतु जें पाणी सर्वांचें, त्यांतील रोगही सर्वांचा! पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी माशाच्या अंगावरून सुटून तळाशीं जातो व तेथें त्याचीं शेंकडों पिल्लें होऊन तीं नवा मासा शोधीत पोहूं लागतात. त्यांस शेजारच्या टाकीची वाट आपणच करून दिलेली असते. औषधाचेंही तसेंच, तांब्याच्या औषधानें एका टाकींतील मासा बरा होईल, पण दुसरींतील गोगलगाई मरतील. शिवाय गोल्डफिशला थंड पाणी मानवतें, तर डिस्कसला उष्ण व मृदु. दोघांस एकच पाणी देणें म्हणजे एकावर तरी अन्याय होय.

वीज गेली तर पंपाच्या नळींतून वरचें पाणी उलट खालीं येतें. यास्तव खालच्या टाकींत तेवढी जागा रिकामी असावी. आणि नळीस पाण्याच्या पातळीलगत लहानसें छिद्र ठेवावें, म्हणजे हवा शिरून हा ओघ थांबतो.

आमचें मत असें कीं, सारख्याच पाण्यांत नांदणाऱ्या निरोगी माशांपुरताच एक फिल्टर योग्य. नव्या माशासाठीं मात्र निराळ्या फिल्टरची व निराळ्या जाळीची एक लहान टाकी असावी आणि तींत त्यास चार आठवडे ठेवावें. पालकांनीं अन्य खर्च खुशाल वांचवावा, पण या टाकीचा वांचवूं नये. विद्यार्थिमित्रांनो, माशास आपलें पाणी निवडतां येत नाहीं; तें आपण निवडतों. परमेश्वरानें आपल्या हातीं सोंपविलेल्या मुक्या जीवाचें सुख आपल्या सोयीहून अधिक मोलाचें आहे.