घरपट्टीचं माप कोणाच्या हाती?

आमच्या घरी महापालिकेचं वेराबिल आलं की ते फ्रिजवर अडकवलं जातं आणि शेवटच्या तारखेच्या आत भरलं जातं. वाचत कोणीच नाही. यंदा मी ते वाचलं, त्याला कारण पुण्याचा दादा.

दादानं २०१९ मध्ये पुण्यात नवा फ्लॅट घेतला आणि तो तिथेच राहतो. शेजारच्या जुन्या सोसायटीत तेवढ्याच घराची घरपट्टी बरीच कमी! चार वर्षं त्याला वाटलं, नवं घर म्हणून जास्त असेल. खरं कारण वेगळंच होतं.

मालक स्वतः राहत असेल, तर त्या घराचं करयोग्य मूल्य धरताना ४० टक्के सूट द्यायची, असा ठराव पुणे महापालिकेनं १९७० मध्ये केला होता. म्हणजे शंभर रुपयांऐवजी साठ रुपयांवरच कर. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि राज्य सरकारनं ही सूट रद्द केली. १ एप्रिल २०१९ पासून नोंद झालेल्या घरांना पूर्ण आकारणी लागली. शहरातून मागणी होत राहिली, तेव्हा २०२३ मध्ये राज्यानं सूट पुन्हा दिली. पण दादासारख्यांना ती आपोआप मिळणार नव्हती. स्वतः राहत असल्याच्या पुराव्यासह पीटी-३ अर्ज भरायचा होता. वहिनीनं बातमी वाचली म्हणून अर्ज गेला, आणि जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती होऊ लागली.

मुलांनो, यातली गंमत बघा. कर गोळा करणार शहर, पण माप राज्याच्या हाती. अमेरिकेतही असंच आहे. न्यूयॉर्क राज्यात एकेका गावाची घरांची आकारणी बाजारभावाच्या किती टक्के आहे, हे राज्य दरवर्षी ठरवतं. एकाच शाळेचा खर्च तीन-चार गावांत वाटायचा, तर सगळ्यांना एक माप हवं ना! मात्र राज्य आधी कच्चा दर कळवतं. गावाला तो पटला नाही, तर आकडे मांडून तक्रार करता येते. त्यानंतरच दर पक्का होतो.

पक्कं होण्याआधी बोलायची संधी, हीच खरी मोलाची गोष्ट. ती आपल्याकडेही येते. गुजरात सरकारनं २० नोव्हेंबर २०२४ ला नव्या जंत्रीचा मसुदा जाहीर केला आणि हरकती मागवल्या. महिन्याभराची मुदत पुढे २० जानेवारी २०२५ पर्यंत वाढवली. जंत्री म्हणजे जमीन-घरांचे सरकारी दर. खरेदीखताची स्टँप ड्युटी त्यावर ठरते. आमच्या सोसायटीत तेव्हा चर्चा खूप झाली, हरकत मात्र एकानंही नोंदवली नाही. त्या ‘एकानंही’मध्ये मीसुद्धा आलो.

म्हणून या रविवारी एवढंच करा. बाबांकडून वेराबिल मागून घ्या. सूरतेत आकारणी क्षेत्रफळ, भाग, बांधकामाचं वय आणि वापर यांवरून होते. बिलावरचं क्षेत्रफळ दस्ताशी जुळतं का? वापर ‘राहण्यासाठी’ असाच लिहिलाय का? गावाकडे किंवा नाशिक-पुण्याला घर असेल, तर तिथलंही बिल मागवा.

चूक सापडली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. आमचं बिल बरोबर निघालं. तरी ते आता फ्रिजवर नाही, फाईलमध्ये आहे.