बाहुल्यांना भ्यालेली राजसत्ता

लाकडाच्या आणि चिंध्यांच्या बाहुल्यांमुळे राष्ट्राची सुरक्षितता धोक्यात येते, असे कोणी म्हटले तर ते प्रहसनच वाटेल. परंतु स्पेनच्या राजधानीत २०१६ साली हे प्रहसन न्यायालयाच्या शिक्क्यानिशी वठवले गेले.

५ फेब्रुवारी २०१६ रोजी माद्रिदच्या तेतुआन विभागात कार्निव्हलनिमित्त ग्रॅनाडाच्या ‘तितेरेस देस्दे आबाखो’, म्हणजे ‘तळातल्या बाहुल्या’, या छोट्या मंडळीने ‘चेटकीण आणि डॉन क्रिस्तोबाल’ हा प्रयोग केला. सोटा फिरवणारा, लोभी डॉन क्रिस्तोबाल हे स्पॅनिश बाहुलीनाट्यातील जुने पात्र. कवी लोर्का यांनी त्याला साहित्यात आणले. त्याच लोर्कांना ऑगस्ट १९३६ मध्ये फ्रँकोच्या बाजूच्या मारेकऱ्यांनी ठार केले. या प्रयोगाची कथा थोडक्यात अशी : स्वतंत्र जगणाऱ्या एका चेटकिणीवर घरमालक, जोगीण, पोलीस आणि न्यायाधीश असे चौघे एकामागून एक चालून येतात. मालमत्ता, धर्मपीठ, दंडशक्ती आणि कायदा ही वर्गीय सत्तेची चार रूपे बाहुल्यांच्या हाणामारीतून, काळ्या विनोदातून प्रेक्षकांपुढे उभी राहतात. पोलीस चेटकिणीला बेशुद्ध पाडतो आणि तिला दहशतवादी ठरवण्यासाठी तिच्या अंगावर ‘गोरा अल्का-एटा’ असा फलक ठेवून पुरावा तयार करतो.

खऱ्या पोलिसांनी हाच फलक पुरावा म्हणून उचलला! दोघा बाहुलीकारांना दहशतवादाच्या उदात्तीकरणाच्या आरोपाखाली अटक झाली, जामीन नाकारला गेला आणि १० फेब्रुवारीपर्यंत त्यांना तुरुंगात राहावे लागले. बास्क सशस्त्र संघटना एटाने आपली सशस्त्र कारवाई ऑक्टोबर २०११ मध्येच कायमची थांबवली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पुढे दहशतवादाचा आरोप टिकला नाही आणि उरलेले प्रकरणही निकालात निघाले. रंगमंचावर ज्याची टिंगल झाली, तेच राज्ययंत्रणेने प्रत्यक्षात करून दाखवले. नाटकाची सत्यता पटवण्यासाठी याहून वेगळ्या समीक्षेची गरज नव्हती.

प्रयोगाला लहान मुले उपस्थित होती आणि पालक संतापले, हा आक्षेप मात्र खरा आहे. बलात्कार आणि फाशी यांचे चित्रण मुलांपुढे ठेवणे अनुचितच होते. परंतु ती कार्यक्रमाच्या आखणीतील चूक होती. तिचा निवाडा सांस्कृतिक समितीच्या बैठकीत व्हावयास हवा, दहशतवादविरोधी न्यायालयात नव्हे.

याहून कटू भाग पुढेच आहे. माद्रिद नगरपालिकेत त्या वेळी मानुएला कार्मेना यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी आघाडी सत्तेवर होती. उजव्या वृत्तपत्रांचा गहजब सुरू होताच तिने कलावंतांच्या पाठीशी उभे राहण्याऐवजी स्वतःच त्यांच्याविरुद्ध तक्रारीचा मार्ग धरला. कैद अवाजवी असल्याची उपरती नंतर झाली. शत्रूने आरडाओरड केली की आपल्याच बाजूचा माणूस त्याच्या हवाली करणे, हा मवाळ पुरोगामीपणाचा जुना रोग आहे. अशा शरणागतीने प्रतिगाम्यांचे समाधान होत नाही, त्यांची भूक मात्र वाढते.

भारतीय वाचकाला हे परके वाटू नये. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा ब्रिटिशांनी केला आणि तो रद्द व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या कलावंतांनी यूएपीएखाली तुरुंगवास भोगला. आणि १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादच्या झंडापूर येथे ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू असताना सफदर हाश्मी यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. तरीही ४ जानेवारीला जन नाट्य मंचाने त्याच जागी तो प्रयोग पूर्ण केला.

माद्रिद आणि झंडापूर यांतील फरक येथेच आहे. झंडापूरला कलावंतांमागे कामगारांची संघटना उभी होती. माद्रिदला सत्तेवरील मित्रांचेच पाय लटपटले. गल्लीतील पथनाट्य असो, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ असो, त्यात उणिवा असतील तर त्यांवर परखड टीका अवश्य व्हावी. परंतु पोलिसांचा हात कलावंताच्या खांद्यावर पडताच प्रत्येक शाखेने, प्रत्येक कामगार संघटनेने प्रथम त्याच्या बाजूला उभे राहिले पाहिजे. टीका त्यानंतर, आपल्या घरात.