जवाब जरूर देणे

रमजानपूर्वीच्या साफसफाईत घरातल्या लोखंडी पेटीच्या तळाशी तीन पोस्टकार्डे सापडली. आमच्या दादींच्या अब्बांनी मुंबईहून तुळजापूरला पाठवलेली. ते गोदीत हमाली करत. मजकूर उर्दूत आहे, पण अक्षर त्यांचे नाही. त्यांना लिहिता येत नव्हते.

मुंबईचे मोठे पोस्ट आपल्या शेजारच्या विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधले गेले. ते १९१३ साली पुरे झाले. त्याच्या समोर कबुतरखान्यापाशी पत्रे लिहून देणारे बसत. मजूर बोलायचा, लेखनिक लिहायचा. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्याला सुरू झाले, म्हणून गरिबालाही खुशाली कळवणे परवडू लागले.

त्याच काळात साहेब लोक अपोलो बंदर, राजाबाई टॉवर यांची चित्रे असलेली कार्डे विलायतेला धाडत. सुरुवातीला चित्रामागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची मुभा होती. त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेने कोंबलेला दिसतो. असली कार्डे आज शौकीन लोक जपून ठेवतात. त्यातही बोलणे साधेच असते: सुखरूप पोचलो, उकाडा फार आहे, उद्या बोट सुटेल.

आमच्या पेटीतले बोलणेही तसेच आहे. पहिल्या कार्डात सलामानंतर लिहिले आहे की इथे खैरियत आहे, पावसाने काम कमी आहे, बकरी विकू नका, अम्मीच्या डोळ्यांचे कळवा. दुसऱ्यात पुन्हा अम्मीचे डोळे. तिसऱ्यात बकरीचा उल्लेखच नाही. दोन कार्डांचा जवाब नाही, जीव लागून राहिला आहे, एवढेच. तिन्हींच्या शेवटी एकच ओळ: जवाब जरूर देणे.

जवाब गेला नव्हता. दादी सांगत, घरात वाचणारे कुणी नव्हते. कार्ड घेऊन जुम्याला मशिदीत जायचे, मौलवीसाहेब वाचून दाखवायचे. पण बायकांच्या मनातले चारचौघांत कोण लिहून घेणार? आपल्या अम्मीला सांगायचे होते की सासूबाईंना आता दिसत नाही, बकरी तर केव्हाच विकली. ते परक्या माणसाकडून लिहवून घ्यायला तिची जीभ रेटली नाही. दादींचे अब्बा पुढच्या उन्हाळ्यात घरी आले, तेव्हा त्यांची आई अल्लाहला प्यारी झालेली होती.

दादी स्वतः कधी शाळेत गेल्या नाहीत. पण घरातल्या एकाही मुलीची शाळा त्यांनी सुटू दिली नाही. त्याचे कारण आम्हाला ही कार्डे वाचल्यावर उमजले.

यंदा आम्ही वर्गात प्रत्येकी ५० पैशांचे एक कार्ड वाटले. दूर असलेल्या माणसाला लिहा, म्हटले. एका मुलीने विचारले, "सर, अब्बा पुण्यात आहेत. रोज फोन होतो. मग काय लिहू?" आम्ही म्हणालो, "फोनवर जे राहून जाते, ते." ती बराच वेळ लिहीत बसली. आम्ही वाचले नाही. दुसऱ्याचे पत्र वाचू नये, हाही अदबच.

सलामाला तितक्याच किंवा त्याहून चांगल्या सलामाने जवाब द्यावा, ही कुरआनची शिकवण आहे. कागदावरचा सलामही सलामच. आपल्या घरात कुणाच्या सलामाचा जवाब राहिला असेल, तर आज तो द्यावा. घरात लिहिता न येणारी खाला किंवा नानी असेल, तर तिच्याजवळ बसून, दार लोटून, ती सांगेल तसे लिहून द्यावे. आणि जमले तर तिला तिचे नाव लिहायला शिकवावे.