परदेशीं शहर कसें पाहावें?

आमचा एखादा विद्यार्थी परदेशीं शिकावयास गेला म्हणजे त्याच्या पहिल्या पत्रांत समुद्र असावयाचाच. गोंदियाच्या मुलास त्याचें अप्रूप वाटावें हें स्वाभाविक. आमच्याकडे तलाव उदंड, सागर मात्र शेंकडों मैल दूर. परंतु तेवढ्यानें शहर पाहिलें असें आम्ही मानीत नाहीं. १९१३ सालीं बडोदें संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क बंदरीं उतरले. कोलंबिया विद्यापीठांतील अभ्यास सांभाळून, पोटास चिमटा घेऊन, ते जुन्या पुस्तकांचीं दुकानें धुंडाळीत. सुमारें २,००० ग्रंथ त्यांनीं जमविले. त्यांतील पुष्कळसे पुढें मायदेशीं पोहोंचलेच नाहींत! तरीहि तें शहर त्यांनीं खरें पाहिलें, असें आमचें मत आहे. आमच्या मुलांनीं समुद्राचें वर्णन खुशाल लिहावें. दुसऱ्या पत्रांत मात्र कोणत्या गल्लींत कोणतें पुस्तक कितीस मिळालें, तेंहि कळवावें.