घड्याळाचं गुडविल

आमच्या सोसायटीच्या सी विंगमध्ये एक गृहस्थ राहतात. हिंजवडीच्या आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. माणूस सज्जन, गणपतीची वर्गणी न मागता देणारा. त्यांचं नाव सांगत नाही, कारण त्यांचं खातं आमच्या शाखेत आहे. आपण त्यांना चांद्रवीर म्हणू. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या मनगटावर चंद्रावर जाऊन आलेलं घड्याळ आहे. म्हणजे तेच नव्हे, त्याच्या जातकुळीतलं. ओमेगा स्पीडमास्टर, स्विस, किल्लीचं. किंमत सहा लाखांच्या वर. मी आकडा दोनदा विचारला. पहिल्यांदा ऐकू आला नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा ऐकू आला म्हणून!

या जातीच्या घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. पी.टी.च्या मास्तरांच्या गळ्यातलं स्टॉपवॉच आणि आजोबांचं मनगटी घड्याळ यांचं लग्न लावलं तर जे अपत्य होईल, ते हे. बाजूची कळ दाबली की सेकंद मोजायला लागतं, पुन्हा दाबली की थांबतं. तबकडीभोवती टॅकिमीटर नावाची आकड्यांची पट्टी असते. मैलाच्या दगडापाशी कळ दाबायची, एक किलोमीटर गेल्यावर पुन्हा दाबायची. काटा ज्या आकड्यावर थांबेल तो गाडीचा ताशी वेग. मोठी अक्कलहुशारीची सोय आहे. फक्त ती पट्टी पाचशेपासून सुरू होते आणि साठावर संपते. किलोमीटरला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला, तर हे घड्याळ काही बोलत नाही. आता संध्याकाळी साडेसहाला भूमकर चौकातून वाकडकडे येणारा कोणता मायेचा पूत मिनिटात किलोमीटर कापतो, तो मला दाखवा. म्हणजे सहा लाखांच्या या यंत्राला आमचा वाकडचा वेग मोजताच येत नाही. तो मोजायला भिंतीवरचं कॅलेंडर लागतं.

पण माझं भांडण घड्याळाशी नाही. हौसेला मोल नसतं. माझं भांडण आहे एका शब्दाशी, आणि तो शब्द म्हणजे वारसा.

घड्याळ घेतल्यापासून चांद्रवीर लिफ्टमध्ये वारशाशिवाय बोलत नाहीत. ‘‘साहेब, ही कंपनी 1848 सालची. 1965 मध्ये नासाने या घड्याळाची परीक्षा घेऊन ते पास केलं. 1969 मध्ये ऑल्ड्रिन ते घालून चंद्रावर उतरला. 1970 मध्ये अपोलो 13 संकटात सापडलं, तेव्हा इंजिन नेमकं चौदा सेकंद चालवायचं होतं. ते चौदा सेकंद याच घड्याळावर मोजले!’’ आमची लिफ्ट तळमजल्यावरून सातव्या मजल्यावर जायला अठ्ठावीस सेकंद घेते, म्हणजे जाता जाता दोन अपोलो 13 सुखरूप उतरतात.

हे सगळं खरं आहे. मी वाचून खात्री केली. कारकुनाची जात, सही जुळल्याशिवाय चेक पास करत नाही. पण वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, जी चांद्रवीरांच्या माहितीपत्रकात नव्हती. 1969 च्या नाताळात जपानच्या सेकोने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत स्विस घड्याळवाल्यांचं दिवाळं निघायची वेळ आली. ओमेगा ज्या समूहात होती, तोही कर्जात बुडाला. मग सावकार बँकांनी दोन मोठे बुडते समूह 1983 साली एकत्र बांधले आणि ते तरले कशावर, तर त्याच वर्षी निघालेल्या स्वॉच नावाच्या स्वस्त, प्लॅस्टिकच्या, बॅटरीच्या घड्याळावर! आजही ओमेगा स्वॉच समूहाचीच आहे. म्हणजे चंद्रावर गेलेल्या वारशाला खांदा दिला बँकेने आणि प्लॅस्टिकने. ऑल्ड्रिनचा फोटो जागोजाग आहे. ज्या कारकुनाने ती कर्जाची फाईल वर पाठवली, त्याचा फोटो मला कुठेही सापडला नाही.

अहो, मी बी.कॉम. आहे. वारसा हा शब्द आम्हाला दुसऱ्या नावाने शिकवलाय. त्याला पुस्तकात ख्याती म्हणतात आणि पुण्याच्या प्राध्यापकांच्या तोंडी गुडविल. दिसत नाही, हाताला लागत नाही, तरी ताळेबंदात संपत्तीच्या बाजूला ऐटीत बसतं. आणि त्याचा एक विलक्षण नियम आहे. दुसऱ्याकडून पैसे देऊन घेतलेली ख्यातीच वहीत दाखवता येते. स्वतःच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली दाखवता येत नाही!

या नियमाचा अर्थ परीक्षेत मी चार मार्कांपुरता लिहिला होता. तो खरा कळला आमच्या घरातल्या घड्याळावरून.

आमच्याकडे एक फेवर-ल्यूबा आहे. आजोबा मुंबईत गिरणीत होते, त्यांनी ते घेतलं. वडलांना 1974 मध्ये पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा आजोबांनी ते स्वतःच्या मनगटावरून काढून त्यांच्या मनगटावर बांधलं. समारंभ एवढाच. माहितीपत्रक नाही, मखमली पेटी नाही. वडलांनी त्यावर तीस वर्षं तीन पाळ्या केल्या. रोज रात्री झोपताना ते त्याला किल्ली द्यायचे. ती किर्र किर्र ऐकली की आम्ही पोरं समजायचो, दिवस संपला.

आता या फेवर-ल्यूबाचं कूळ बघा. घराण्याचं मूळ स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावातलं, साल 1737. म्हणजे ज्या वर्षी थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले, ते. एकोणिसाव्या शतकातच ही मंडळी मुंबईत आली, आणि पुढे आपल्याकडे अनेकांच्या तोंडी हेच नाव असायचं. त्यांनी 1962 मध्ये डोंगराची उंची सांगणारं मनगटी घड्याळ काढलं आणि 1968 मध्ये पाण्याची खोली सांगणारं. हे दुसरं वाकडच्या माणसाने जरूर घ्यावं. पावसाळ्यात हायवेखालच्या भुयारी रस्त्यात स्कूटर घालण्यापूर्वी फार उपयोगी. पण क्वार्ट्झच्या तडाख्यात या घराण्याच्या हातून कंपनी गेली. नाव हातोहात फिरलं. 2011 साली आपल्या टायटनने ते विकत घेतलं आणि 2023 साली विकूनही टाकलं. बाजीरावांच्या काळातला वारसा, बारा वर्षांत एकदा खरेदी आणि एकदा विक्री! यात कोणाचंच चुकलं नाही. धंदा आहे. पण मग त्याला सरळ गुडविल म्हणा. वारसा म्हणजे आजोबांच्या मनगटावरून वडलांच्या मनगटावर आला तो, आणि त्याला आमच्या शास्त्रात खातंच नाही. वहीप्रमाणे त्या घड्याळाचा घसारा केव्हाच पूर्ण झाला. शिल्लक किंमत एक रुपया.

हे सारं मी चांद्रवीरांना सुनावलं. माणूस विचारी. ते म्हणाले, ‘‘साहेब, तुमचं पटतं. पण वेळ तर मोबाईलमध्येही दिसते. मी घेतलं ते, बॅटरीशिवाय फक्त चाकं आणि स्प्रिंगांवर चालणारी एक वस्तू आपल्यामागे राहावी म्हणून. माझा नातू घालेल.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घड्याळाची मागची बाजू त्यांनी मला दाखवली होती, आणि खरं सांगतो, आतली ती हालचाल बघून मी पगाराचा दिवस विसरलो. पण प्रश्न होता. विचारला. ‘‘नातू घालेल, पण बंद पडल्यावर नेईल कोणाकडे?’’

पिंपरी कॅम्पात एका जिन्याखाली दीड बाय तीन फुटांची काचेची पेटी मांडून एक म्हातारे कारागीर बसतात. वडलांच्या घड्याळाचं तेलपाणी पन्नास वर्षं तेच करताहेत. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर चहाच्या बशीखाली झाकून ठेवलेली चाकं. मुलगा हिंजवडीला नोकरीला. मागच्या खेपेला घड्याळ परत देताना ते म्हणाले, ‘‘आणखी दोन वर्षं मी आहे, काय करून घ्यायचंय ते घ्या. पुढे या गल्लीत कोणाला केसकमान सरळ करता येणार नाही.’’ केसकमान म्हणजे ती केसाएवढी स्प्रिंग. ती श्वास घेते म्हणून घड्याळ चालतं.

मुद्दा आहे तो हा, मायबाप! 1848 म्हटलं की आपल्याला चंद्र दिसतो. त्याच 1848 मध्ये जोतिरावांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. तो वाडा आपण असा काही जपला, की शेवटी 2023 मध्ये पाडूनच स्मारकाला जागा करावी लागली. दुसऱ्याच्या वारशाला सहा लाख रोख, आणि आपल्या वारशाला जिन्याखालची जागा, तीही नगरपालिका उठवेपर्यंत. घड्याळं जरूर घ्या. पण ‘वारसा’ म्हणण्यापूर्वी तो दुरुस्त करणारा माणूस दाखवा. नसेल, तर त्याच्याजवळ शिकायला एखादं पोर बसवा, त्याला महिना पगार द्या. सहा लाखांत दोन-तीन वर्षांचा आरामात निघेल. हिशेब मी करून देतो, फुकट.

हे बोलून मी घरी आलो आणि आता गणपतीची वर्गणी बंद होणार म्हणून सौ.ची बोलणी खाल्ली.

परवा रविवारी चांद्रवीरांचा फोन. म्हणाले, ‘‘तुमच्या त्या आजोबांना भेटायचंय. घड्याळ दाखवायचं नाही. नुसतं बसायचंय त्यांच्याजवळ. मुलालाही आणतो.’’ मी पत्ता सांगितला आणि पुढे जाऊन जिन्याखाली वाट बघत उभा राहिलो. बापलेक चंद्रावरून निघाले दहाला आणि पिंपरीत उतरले सव्वाअकराला. चांद्रवीरांनी येता येता कौतुकाने कळ दाबून बघितली होती. काटा साठाच्या खाली जाऊन गप्प बसला होता.

म्हाताऱ्यांनी भिंग वर केलं, मुलाकडे बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं.