'फक्त 30 हजारांत व्हिएतनाम!'

असली रील टाकणाऱ्यांनो, विमानाचं तिकीट कुठे गेलं? 25 डॉलरचा ई-व्हिसा? हनोईहून हो ची मिन्ह सिटीला रेल्वेने 30 तासांहून जास्त लागतात. सुट्टी आठवड्याची असेल तर मधलं विमानही आलंच. हे सगळं लपवायचं आणि बजेट बसवायचं कुठे? तर फुटपाथवर नूडल सूप विकणाऱ्या बाईशी 10,000 डोंगसाठी घासाघीस करून! शून्यं बघून घाबरू नका, आपले 35 च्या आसपास रुपये होतात ते. इथे मॉलमध्ये कॉफीला अडीचशे मोजताना तोंड उघडत नाही आपलं. खर्च कापायचाच असेल तर हा लाँग बेची क्रूझ कापा, त्या बाईचे पैसे नकोत.